मॉर्मनांची जास्तीची सात वर्षं

जानेवारी १८३३ मध्ये ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावी, न्यूअल व्हिटनी यांच्या दुकानाच्या माडीवर एक शाळा सुरू झाली. विद्यार्थी सगळे मोठे, संसारी बाप्ये. शिकवणारा जोसेफ स्मिथ हा सत्तावीस वर्षांचा तरुण. त्याने तीन वर्षांपूर्वीच नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला होता, तोच मॉर्मन पंथ, आणि अनुयायी त्याला प्रेषित मानत. शाळेतून धर्मप्रसारक तयार व्हायचे होते. या मंडळींचा दिवस कसा सुरू होई, याचं वर्णन पंथाचे पुढचे नेते ब्रिगहॅम यंग यांनी १८६८ साली एका भाषणात केलं. आत आले की आधी पाइप पेटवायचा, पाइप संपला की तंबाखूचा बार भरायचा, मग खोलीभर पिचकाऱ्या. धुराच्या ढगात बसून प्रेषिताने परमेश्वराबद्दल बोलायचं आणि ती जमीन घासून काढायची त्याच्या बायकोने, एमाने. यंग त्या वेळी खोलीत हजर नव्हते आणि हे सांगेपर्यंत पस्तीस वर्षं उलटली होती. तरी त्या काळच्या अमेरिकेत पुरुष जिथे जमत तिथे हेच चित्र दिसे, त्यामुळे आठवण पटण्याजोगी आहे.

२७ फेब्रुवारी १८३३ रोजी जोसेफ स्मिथने या प्रश्नावर ईश्वरी संदेश मिळाल्याचं सांगितलं. तो ‘वर्ड ऑफ विज्डम’ म्हणून ओळखला जातो आणि पंथाच्या धर्मग्रंथात त्याचं ८९वं प्रकरण झालं आहे. दारू पिऊ नये, तंबाखू माणसाच्या शरीरासाठी नाही, गरम पेयंही नाहीत, असं त्यात आहे. धान्य हा आहाराचा मुख्य आधार, फळं आणि पालेभाज्या आपापल्या हंगामात, मांस अगदी बेताने आणि तेही शक्यतो थंडीत किंवा दुष्काळात. पाळणाऱ्याला आरोग्य लाभेल, तो धावला तरी दमणार नाही आणि मृत्यूचा दूत त्याच्या दारावरून पुढे निघून जाईल, असं आश्वासन शेवटी दिलेलं आहे. सुरुवातीलाच मात्र एक सवलत होती. ही सक्ती किंवा आज्ञा नसून सल्ला आहे, असं संदेशातच म्हटलं होतं. पुढच्या नव्वद वर्षांचा सगळा ढिलेपणा या सवलतीतून आला.

यातली एकही कल्पना त्या काळी अनोखी नव्हती. १८३० च्या सुमारास अमेरिकेत दारूचा पूर आला होता. इतिहासकार रोराबॉ यांच्या हिशेबाने लहान मुलं धरून दर माणशी वर्षाला पाच गॅलनहून अधिक कडक दारू खपत होती. त्याविरुद्ध बॉस्टनमध्ये १८२६ साली अमेरिकन टेंपरन्स सोसायटी स्थापन झाली होती आणि गावोगावी तिच्या शाखा निघत होत्या. सिल्व्हेस्टर ग्रॅहम कोंड्यासकट पिठाची भाकरी आणि शाकाहार यांचा प्रचार करत फिरत होता. कढत पेयांनी पोट बिघडतं, असं वैद्यकावर लिहिणारे अनेक जण सांगत. श्रद्धाळू मॉर्मनाला या संदेशात ईश्वराचा हात दिसतो, इतिहासकाराला आसपासच्या हवेचा. पण टेंपरन्सच्या शेकडो संघटना आल्या आणि गेल्या, हा एक नियम मात्र टिकला आणि आज लाखो लोकांचं रोजचं खाणंपिणं ठरवतो. तो कसा टिकला आणि त्याने लोक खरोखर जास्त जगले का, हा माझा विषय आहे.

पहिली साठ-सत्तर वर्षं तरी या नियमाने मृत्यूला फारसं अडवलं नाही. संदेशाला सव्वा वर्ष होतं न होतं तोच, जून १८३४ मध्ये, मिसुरीतल्या छळल्या गेलेल्या बांधवांच्या मदतीला निघालेल्या दोनशेएक मॉर्मनांच्या तुकडीत कॉलरा शिरला. सुमारे सत्तर जण आजारी पडले, चौदाएक दगावले. जोसेफ स्मिथने डोक्यावर हात ठेवून रोग्यांना बरं करायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. पुढे इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू हे शहर वसवलं ते दलदलीच्या जमिनीवर, आणि हिवतापाने वसाहतीची पहिली काही वर्षं खाल्ली. कॉलरा पाण्यातून येत होता, हिवताप डासांतून. चहा-कॉफी सोडण्याशी दोन्हींचा संबंध नव्हता.

नियम पाळणंही ज्याच्या त्याच्या मनावर होतं. १८४२ साली जोसेफचा भाऊ हायरम याने गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी असा खुलासा केला, पण घरोघरी किटल्या चालूच राहिल्या. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि हायरम यांना गोळ्या घालून मारलं. त्या दुपारी खोलीतल्या खिन्न मंडळींनी मन सावरायला वाइन मागवून घेतली होती, हे त्यांच्यासोबत असलेल्या जॉन टेलर यांनीच लिहून ठेवलं आहे. ते पुढे पंथाचे अध्यक्ष झाले आणि त्यांना ती नोंद लपवावीशी वाटली नाही. त्या पिढीला नियम किती सैल वाटत होता, हे यातून कळतं.

मग पश्चिमेकडचं स्थलांतर. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मिसुरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स छावणीत शेकडो लोक मेले. त्यांतल्या अनेकांना स्कर्व्ही होता, पाय काळे पडून सुजायचे. महिनोन् महिने मक्याचं पीठ आणि खारवलेलं मांस, ताजी भाजी नाही, याचा तो परिणाम. बटाटे मिळाले तसा रोग ओसरला. संदेशात पालेभाज्यांचं आणि फळांचं कौतुक होतं. उघड्या माळावरच्या निर्वासितांना ती मिळणार कुठून? जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली आणि यूटाची वसाहत सुरू झाली.

वाळवंटात पंथाचं नेतृत्व ब्रिगहॅम यंग यांच्याकडे होतं. ते स्वतः बरीच वर्षं तंबाखू चघळत आणि सोडायला त्यांना झगडावं लागलं. १८६० च्या दशकात त्यांनी दक्षिण यूटात सेंट जॉर्जच्या परिसरात कुटुंबं पाठवली. कापसाबरोबर तिथे द्राक्षंही लावली गेली आणि वाइन निघू लागली. हेतू प्रार्थनाविधीपुरता आणि खाणकामगारांना विकण्यापुरता होता. पण शेतकरी आपल्या उत्पन्नाचा धर्माला द्यायचा दशांश वाइनच्या रूपात आणून भरू लागले आणि धर्मसंस्थेच्या कोठारात पिंपं साठली. बाहेरून येणाऱ्या चहा-तंबाखूविरुद्ध यंग यांचा खरा राग पैशाचा होता. वसाहतीतली रोकड पूर्वेच्या व्यापाऱ्यांकडे जाते हे त्यांना सलत असे. आरोग्य हे त्या काळी या नियमाचं एक कारण होतं, एकमेव नव्हे.

यूटात तेव्हा सर्वांत जास्त मरत होती ती मुलं. घटसर्प, गोवर, आतड्याचे विकार. बाळंतपणातही बायका जात. या मृत्यूंशी जी लढाई झाली ती स्त्रियांनी लढली आणि मराठी वाचकाला त्या कथेत एक ओळखीचं ठिकाण लागतं. सुरुवातीला डॉक्टरांवर अविश्वास दाखवणाऱ्या यंग यांनी १८७० च्या दशकात बायकांनी पूर्वेकडे जाऊन वैद्यक शिकावं असं सांगितलं. रोमानिया प्रॅट यांनी १८७७ साली आणि एलिस रेनॉल्ड्स शिप यांनी १८७८ साली पदवी घेतली ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून. याच कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. मॉर्मनांत तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती आणि शिपबाईंनी लेकरं घरी सवतींच्या हवाली केली होती. शिकत असतानाच त्यांना आणखी एक मुलगी झाली. स्वतःची काही मुलं त्यांनी तान्हेपणीच गमावली होती. परतल्यावर त्यांनी सुइणी आणि परिचारिका घडवणारी शाळा काढली आणि आयुष्यभरात सुमारे पाचशे बायकांना शिकवलं. आनंदीबाई परत आल्या आणि वर्षभरात क्षयाने गेल्या, तर शिपबाई १९३९ पर्यंत जगल्या. एकाच वर्गखोल्यांतून बाहेर पडलेल्या या दोन आयुष्यांची तुलना माझ्या मनातून जात नाही.

दुसरी एक डॉक्टर, मार्था ह्यूज कॅनन, १८९६ साली यूटाच्या राज्य सिनेटवर निवडून आली. अमेरिकेतली ती पहिली स्त्री राज्य सिनेटर, आणि त्या निवडणुकीत तिचा नवराही विरोधी पक्षाकडून उभा होता. राज्याचं आरोग्य मंडळ स्थापन करणारा कायदा तिने आणला. त्याच मंडळाला लगेच धर्मनिष्ठ समाजाशी दोन हात करावे लागले. १९०० च्या सुमारास देवी पसरल्यावर शाळकरी मुलांना लस सक्तीची करायचा प्रश्न आला. पंथाच्या मुखपत्राचे संपादक चार्ल्स पेनरोज लसीविरुद्ध लिहीत होते. पंथाचे अध्यक्ष लसीच्या बाजूने बोलले, तरी १९०१ साली विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून सक्तीवर बंदी आणली. मॉर्मन म्हणजे आरोग्याच्या बाबतीत आपोआप शहाणे, असं कोणी मानत असेल तर त्याने हे प्रकरण वाचावं.

याच सुमारास नियमाचं नशीब पालटलं. त्यामागे राजकारण होतं. केंद्र सरकारच्या दबावाखाली १८९० साली पंथाने बहुपत्नीत्वाला नव्याने मान्यता देणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि १८९६ साली यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. पन्नास वर्षं मॉर्मनांचं वेगळेपण ज्या चालीने ओळखलं जाई ती चाल गेली. आता इतरांहून वेगळं दिसायचं कशाने? थॉमस अलेक्झांडर या इतिहासकाराने दाखवलं आहे की १८९० ते १९३० या काळात ती जागा हळूहळू खाण्यापिण्याच्या नियमाने घेतली. देशभर दारूबंदीची चळवळ जोरात होती, त्यामुळे या वेगळेपणाला बाहेरूनही शाबासकी मिळे. १९०६ साली वरिष्ठ नेत्यांनी आपल्या प्रार्थनाविधीत वाइनऐवजी पाणी घ्यायला सुरुवात केली. १९१८ च्या नोव्हेंबरात, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ वारले. साथीमुळे त्यांची सार्वजनिक अंत्ययात्राही निघाली नाही. त्यांच्या जागी आलेले हेबर जे. ग्रँट तंबाखू आणि दारूचे हाडवैरी होते. १९२१ साली त्यांच्या कारकिर्दीत, मंदिरात प्रवेश हवा असेल तर नियम पाळलाच पाहिजे, असं ठरलं.

ही अट काय करते ते पाहिल्याशिवाय पुढचे आकडे कळत नाहीत. मॉर्मनांच्या मंदिरात रोज कोणी जात नाही. तिथे विवाह आणि इतर पवित्र विधी होतात आणि आत जायला दाखला लागतो. दाखल्यासाठी स्थानिक बिशपसमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: दारू, तंबाखू, चहा, कॉफी घेता का? हा बिशप पगारी पुरोहित नसतो. तोच शेजारचा दुकानदार किंवा शाळामास्तर असतो. ज्याला दाखला मिळत नाही त्याला पोटच्या मुलीचं लग्नही मंदिराबाहेर थांबून घालवावं लागतं. सिगारेट आरोग्याला घातक असते असं सांगणारी पत्रकं जगभर वाटली गेली; इतकी जवळची किंमत मात्र फार थोड्या समाजांनी तिच्यावर लावली.

आणि नेमकी तेव्हाच सिगारेट येत होती. बॉन्सॅकच्या यंत्राने १८८० च्या दशकात सिगारेटी स्वस्तात ढिगाने वळायला सुरुवात केली, १९१३ साली कॅमल बाजारात आली, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्याबरोबर ती घरोघरी पोचली. जोसेफ स्मिथच्या काळातला पाइप आणि चघळायची तंबाखू वाईटच. पण फुप्फुसाच्या खोल कप्प्यात दिवसाला वीस वेळा धूर नेणारी सिगारेट हा वेगळाच मारेकरी होता. त्याच काळात स्वच्छ पाणी, लसी आणि पुढे प्रतिजैविकं यांनी जुन्या साथींना हटवलं आणि मृत्यूच्या यादीत हृदयविकार आणि कर्करोग वर आले. १८३३ चा सल्ला कॉलऱ्यापुढे निष्प्रभ होता. १९२१ चा दंडक या नव्या मारेकऱ्यासमोर अगदी वेळेवर उभा राहिला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं शास्त्रज्ञांनी १९५० साली भक्कमपणे दाखवलं, सरकारी अहवाल १९६४ साली आला. तोवर मॉर्मनांच्या दोन पिढ्या बिनसिगारेटीच्या वाढल्या होत्या. हे दूरदृष्टीने झालं की योगायोगाने, याचं उत्तर प्रत्येक जण आपल्या श्रद्धेप्रमाणे देईल. मला त्यात इतिहासाचा योगायोग दिसतो, आणि म्हणून त्याचं मोल मला कमी वाटत नाही.

कायद्याचा हात या कामात लुळा ठरला, हेही नोंदवायला हवं. १९२१ साली यूटाने सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली आणि दोनच वर्षांत मागे घेतली. ५ डिसेंबर १९३३ रोजी देशाची दारूबंदी उठवायला लागणारी छत्तिसाव्या राज्याची मंजुरी दिली ती यूटानेच. ग्रँट यांनी जीव तोडून विरोध केला होता. मतपेटीत लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, बिशपसमोर मात्र ऐकलं.

या सगळ्याचा हिशेब मांडता आला तो मॉर्मनांच्या दुसऱ्या एका सवयीमुळे. पूर्वजांसाठी विधी करायचे म्हणून ते वंशावळी आणि जन्ममृत्यूच्या नोंदी आस्थेने ठेवतात. त्या नोंदी कर्करोगाच्या सरकारी नोंदींशी जोडल्या की संशोधकाला अलिबाबाची गुहाच सापडते. जोसेफ लायन आणि सहकाऱ्यांनी १९६६ ते १९७० मधल्या यूटातल्या कर्करोगाची पाहणी १९७६ साली प्रसिद्ध केली. तंबाखूशी जोडलेले कर्करोग मॉर्मनांमध्ये बरेच कमी निघाले, पण गर्भाशयमुखासारखे इतर काही कर्करोगही कमी होते. त्याआधी, १९७४ साली, अर्थतज्ज्ञ व्हिक्टर फुक्स यांनी यूटा आणि शेजारचं नेवाडा ही दोन राज्यं समोरासमोर ठेवली होती. हवा सारखी, शिक्षण आणि डॉक्टरांचं प्रमाण जवळपास सारखं. तरी चाळिशीतले पुरुष नेवाडात यूटाच्या दीडपटीहून अधिक प्रमाणात मरत होते. फुक्स यांनी याचं कारण राहणीत शोधलं, आणि इस्पितळं वाढवून आयुष्य वाढतं या समजाला त्यांनी दिलेला हा धक्का आजही आरोग्यधोरणाच्या वर्गात शिकवला जातो.

सर्वांत गाजले ते कॅलिफोर्नियातल्या जेम्स एनस्ट्रॉम यांचे आकडे. त्यांनी पंथात ‘हाय प्रीस्ट’ हे पद असलेले ५,२३१ पुरुष आणि ४,६१३ पत्नी यांचा १९८० पासून आठ वर्षं माग काढला. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत जिथे शंभर मृत्यू अपेक्षित होते, तिथे या पुरुषांत ४७ झाले आणि स्त्रियांत ६६. कधीच धूम्रपान न केलेल्या, नियमित व्यायाम करणाऱ्या आणि सात-आठ तास झोपणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत तो आकडा २२ वर आला. या एनस्ट्रॉम यांच्यावर पुढे मोठी टीका झाली. इतरांच्या धुराचा अपाय फारसा नसतो असं सुचवणारा, काही अंशी तंबाखू उद्योगाच्या पैशावर झालेला अभ्यास त्यांनी २००३ साली सहलेखकासह प्रसिद्ध केला होता. म्हणून त्यांच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नये. पण मॉर्मनांबद्दल इतरांचे निष्कर्षही त्याच दिशेचे आहेत.

रे मेरिल यांनी १९९४ ते १९९८ या काळातल्या यूटाचं गणित २००४ साली मांडलं. मॉर्मन पुरुषांचं आयुर्मान ७७.३ वर्षं, इतर पुरुषांचं ७०. स्त्रियांत ८२.२ आणि ७६.४. आता तंबाखूने होणारे मृत्यू दोन्हीकडून वजा केले, तर पुरुषांतला सव्वासात वर्षांचा फरक ५.८ वर येतो आणि स्त्रियांतला ५.८ चा ४.६ वर. म्हणजे सिगारेट न ओढल्याने मिळाली ती दीडएक वर्षं. उरलेली कुठून आली?

काही वाटा दारूचा. काही वाटा निवडीचा आहे. जो पिऊ लागतो, ओढू लागतो, तो चर्चपासून आपणच दूर होतो आणि मग त्याची गणना निष्ठावंतांत होत नाही. जो आजाराने खिळला तो दर रविवारी येऊ शकत नाही. उत्साही लेखांत हे सहसा सांगितलं जात नाही. आहाराचं श्रेय मात्र जपून द्यावं. मांस बेताने खा, हा सल्ला मंदिराच्या दाखल्यात कधी आलाच नाही आणि मॉर्मन घरांतून तो फारसा पाळला जात नाही. साखरेचा तर तिथे सुकाळ असतो. ज्या पंथात शाकाहार खरोखर रुजला ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टही दीर्घायुषी आहेत. दोघांत समान काय, तर तंबाखू-दारू नाही, आणि एकमेकांची चौकशी करणारा समाज आहे.

माझ्या मते उरलेल्या वर्षांचं मोठं कारण हा समाज आहे. मॉर्मन ज्याला वॉर्ड म्हणतात ती काही शे माणसांची वस्तीपुरती मंडळी असते. प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं, ठरलेली माणसं घरी येऊन विचारपूस करतात, बाळंतिणीला जेवण पोचतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळा उपास करायचा आणि वाचलेल्या अन्नाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. या उपासाचा हृदयाला फायदा होत असावा, असं बेंजामिन हॉर्न यांच्या २००८ सालच्या पाहणीत दिसलं. त्याच वर्षी एनस्ट्रॉम आणि लेस्टर ब्रेस्लो यांनी पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष दिले. ज्यांचं आयुष्य सर्वाधिक लांबलं त्यांच्यात धूम्रपान नसण्याबरोबर विवाहित असणं, किमान बारा वर्षांचं शिक्षण आणि दर आठवड्याला चर्चला जाणं या गोष्टी एकत्र आढळल्या. यातली फक्त पहिली ‘वर्ड ऑफ विज्डम’मध्ये आहे.

पण एकमेकांना धरून राहणारा समाज ज्यांना आपल्यात बसवू शकत नाही त्यांच्यावर त्याचा भारही पडतो. यूटातलं प्रौढांचं धूम्रपान देशात सर्वांत कमी आहे. आत्महत्यांच्या प्रमाणात मात्र ते बरीच वर्षं वरच्या राज्यांत राहिलं आहे. त्यात उंच पहाडी मुलुख आणि घरोघरी असलेल्या बंदुका या शेजारच्या राज्यांतल्याच गोष्टी आहेत. धर्माचा वाटा त्यात तारक किती आणि जाचक किती, यावर तिथे कळकळीने वाद चालतो. २००० नंतर वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांनी देशभर बळी घेतले आणि यूटा त्यातही पुढे होतं. या गोळ्या गुत्त्यातून आल्या नव्हत्या. पाठदुखीसाठी, बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर आल्या आणि बिशपच्या प्रश्नांत दारू, तंबाखू, चहा, कॉफी अशी जी नावं होती त्यांत बसल्या नाहीत. २०१९ साली पंथाच्या युवक मासिकाने ई-सिगारेट, ग्रीन टी आणि गांजा यांच्याबरोबर अफूजन्य औषधांचाही उल्लेख करून खुलासा केला: डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय या औषधांना हात लावू नये. सिगारेटच्या बाबतीत नियम शास्त्राच्या तीस वर्षं आधी कडक झाला होता. या वेळी खुलासा आला तो कित्येक घरांत मृत्यू येऊन गेल्यावर.